धडक ओळखणारा सेन्सर टिकाऊ कसा बनवायचा: पत्र्यापासून चिपपर्यंत

समोरून धडक बसली की एअरबॅग उघडायची की नाही, हे साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत ठरावं लागतं. बाजूने बसली तर ५ ते १० मिलिसेकंदच हातात असतात, कारण दार आणि माणूस यांच्यात वीतभर जागाही नसते. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हे काम करणारा सेन्सर त्या क्षणापर्यंत दहा-पंधरा वर्षं नुसता वाट बघत असतो. गगनबावड्याचा पाऊस, वॉशिंग सेंटरचा फवारा, तापलेल्या इंजिनाची धग, ऊसवाहतुकीने उखडलेले रस्ते, सगळं त्याच्या अंगावर येतं. एवढं सोसून त्या एका वेळी त्याने चुकायचं नाही आणि त्याआधी एकदाही खोटी धडक सांगायची नाही.

हा लेख शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले वसाहतींत कास्टिंग, मशिनिंग, मोल्डिंग, वायर हार्नेस करणाऱ्या आणि आता इलेक्ट्रॉनिक्सच्या भागांकडे वळू पाहणाऱ्या लोकांसाठी आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही उपयोगी पडेल. म्हणणं एकच आहे: चिप तयार मिळते, पण सेन्सर टिकणार की नाही हे गाडीच्या पत्र्यापासून त्या चिपपर्यंतच्या वाटेवर ठरतं. ब्रॅकेट, बोल्ट, बुश, प्लॅस्टिकचं घर, आतलं रेझिन, सील, वायर. यातलं एकही काम कोल्हापूरला नवं नाही.

एक सूचना आधीच. चालत्या गाडीच्या एअरबॅग वायरिंगवर प्रयोग करू नका. बेंचवर एअरबॅगच्या पेटवणीच्या, म्हणजे स्क्विबच्या जागी २ ओहमचा रेझिस्टर लावा आणि त्यातून जाणारा करंट मोजा. खरा स्क्विब बेंचवर आणायचं काहीच कारण नाही.

आधी काय मोजायचं ते समजून घ्या

१९६८ साली अमेरिकेत अॅलन ब्रीड यांनी धडक ओळखणारा विद्युत-यांत्रिक सेन्सर बनवला. त्या घराण्यातल्या सेन्सरची रचना साधी होती: नळीत पोलादी गोळी, ती चुंबकाने धरून ठेवलेली. जोराचा आणि पुरेसा लांब धक्का बसला की गोळी सुटून पुढे जाई आणि संपर्क जुळे. आजच्या सेन्सरमध्ये गोळीच्या जागी सिलिकॉनचं कोरलेलं सूक्ष्म वजन असतं. त्याला कंगव्यासारखे दाते असतात. वजन हललं की दात्यांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर कपॅसिटन्स बदलतो आणि त्यावरून प्रवेग कळतो. याला मेम्स म्हणतात.

नवा माणूस पहिली चूक करतो ती इथे: किती 'जी' आले, म्हणजे प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या किती पट झाला, यावर धडक ठरते असं त्याला वाटतं. धडक ठरते ती वेग किती बदलला यावर. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. एवढा वेग १०० मिलिसेकंदांत शून्यावर आला तर सरासरी मंदन फक्त १४ जी येतं. आता पत्र्यावर बसलेली हातोडी बघा: २०० जी, पण अर्धा मिलिसेकंद. अर्ध-साइन आकार धरला तर वेगातला बदल निघतो सेकंदाला ०.६ मीटर. खड्ड्यात चाक आपटून ५० जीचा धक्का ३ मिलिसेकंद टिकला तरी बदल ०.९४ मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किमीच्या आत. म्हणून ईसीयूमधला, म्हणजे एअरबॅग उघडायचा निर्णय घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीतला, प्रोग्रॅम प्रवेगाची बेरीज करत जातो आणि ती बेरीज कोणत्या चालीने वाढते ते बघतो.

टिकाऊपणाचा प्रश्न या बेरजेतच दडलाय. सेन्सरचा शून्यबिंदू १ जीने सरकला, तर १०० मिलिसेकंदांत बेरजेत जवळजवळ १ मीटर प्रति सेकंद चूक जमा होते, म्हणजे ताशी साडेतीन किमी. खड्ड्याच्या धक्क्याएवढी चूक गाडी नुसती उभी असताना! सेन्सर बंद पडला तर डॅशबोर्डवरचा दिवा सांगतो. शून्य हळूहळू सरकला तर तो ओळखणं अवघड. चिपमध्ये शून्य सावकाश दुरुस्त करणारी सोय असते, पण तिच्या भरवशावर बांधणी ढिली ठेवायची नसते.

पल्ला निवडताना स्थान बघा. गाडीच्या मध्यभागी, पुढच्या दोन सीटांमधल्या उंचवट्यावर, म्हणजे बोगद्यावर बसणाऱ्या ईसीयूतल्या सेन्सरला साधारण ५० ते १२० जी पुरतात. दोन दारांमधल्या खांबाला, म्हणजे बी-पिलरला, १२० ते २४० आणि अगदी पुढच्या सेन्सरला २५० ते ५०० लागतात. पल्ला कमी पडला तर सिग्नलचं टोक छाटलं जातं आणि बेरीज कमी भरते. उगाच मोठा घेतला तर बारकावा जातो. पीएसआय-५ या दोन वायरींच्या प्रचलित पद्धतीत १० बिटांचा आकडा उणे ४८० ते अधिक ४८० असा येतो. १२० जी पल्ल्याला एक आकडा पाव जीचा, ४८० जीला थेट १ जीचा.

जागा: सेन्सर कुठे बसवायचा

पुढचा सेन्सर बंपरच्या कातडीवर बसवत नाहीत. तो रेडिएटरच्या वरच्या आडव्या सपोर्टवर किंवा लांबीच्या मुख्य मेंबरच्या पुढच्या टोकाला बसतो. ताशी ५६ किमीला गाडी मिलिसेकंदाला साडेपंधरा मिमी पुढे सरकते. सेन्सर गाडीच्या नाकापासून २०० मिमी मागे असेल तर चुरा त्याच्यापर्यंत यायला सुमारे १३ मिलिसेकंद. स्वतः चिरडण्याआधी आणि वायर तुटण्याआधी त्याला माहिती पाठवून मोकळं व्हायचंय. त्यामुळे वायरही पुढून वळसा घालून नेऊ नका. सेन्सरच्या मागून थेट मागे न्या.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळा. पातळ, मोकळा पत्रा, कारण तो ढोलकीसारखा वाजतो. प्लॅस्टिकची पुढची चौकट, कारण उन्हात ती मऊ पडते आणि थंडीत कडक होते, म्हणजे त्याच धडकेचा सिग्नल ऋतूप्रमाणे वेगळा येतो. आणि तिसरी, हॉर्नशेजारची जागा. गाडीचे हॉर्न साधारण ४०० ते ५०० हर्ट्झला वाजतात आणि सेन्सरच्या आतलं, जलद थरथर गाळून टाकणारं फिल्टरही बहुधा ४०० हर्ट्झच्या आसपासच असतं. ब्रॅकेटच्या हिशोबात हे पुन्हा येणार आहे.

दिशेची शिस्त पाळा. सेन्सर १० अंश तिरका बसला तर त्याच्या मूळ दिशेचं माप दीड टक्काच घटतं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण उभ्या दिशेचा १७ टक्के धक्का त्याच्यात शिरतो, आणि आपल्या रस्त्यांवर उभे धक्के भरपूर. ३ अंशांच्या आत ठेवलं तर हा शिरकाव ५ टक्क्यांवर येतो. ब्रॅकेटला एक बोल्ट आणि एक लोकेटिंग पिन द्या. नुसत्या एका बोल्टवर घट्ट करताना सेन्सर पान्याबरोबर फिरतोच.

इथे उसाच्या ट्रॉलीबद्दल लिहिलंच पाहिजे. गळीत हंगामात रात्री मागून कार ट्रॉलीखाली घुसते तेव्हा बंपर आणि मुख्य मेंबर यांना सुरुवातीला काहीच लागत नाही. बॉनेट खाली सरकतं आणि पहिला खरा मार काचेच्या खांबांना बसतो. पुढच्या सेन्सरला धडक उशिरा आणि मवाळ दिसते. प्रोग्रॅम बसवताना मधल्या सेन्सरच्या सावकाश वाढणाऱ्या बेरजेलाही वजन द्या आणि सिम्युलेशनमध्ये ही घुसण्याची धडक वेगळी घ्या. तरीही सेन्सर इथे पुरा पडणार नाही. ट्रॉलीला मागे मजबूत आडवा गार्ड, परावर्तक पट्ट्या आणि चालू दिवे हाच खरा उपाय आहे, आणि तो गार्ड कोल्हापुरातली कोणतीही फॅब्रिकेशनची शेड बनवू शकते.

सेन्सरला धडक वेगळीच दिसते याच कारणाने गाडीपुढे बसवलेल्या लोखंडी गार्डला आमचा विरोध आहे. तो थेट चेसीला जोडला की धडकेचा सगळा आकारच बदलतो, आणि ज्या आकारावर प्रोग्रॅम बसवलेला असतो तो सेन्सरपर्यंत पोचत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बसवण्याविरुद्ध राज्यांना कळवलं आहे.

ब्रॅकेट: इथे वेळ घाला

सेन्सर आणि ब्रॅकेट मिळून स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती फिल्टरच्या जवळ आली की धडक नसतानाही सेन्सर वाजतो आणि धडकेत खरा सिग्नल फुगतो. आमचा नियम: बसवलेल्या अवस्थेत पहिली कंपनसंख्या १,००० हर्ट्झच्या वर हवी, म्हणजे ४०० च्या फिल्टरच्या अडीच पट.

हिशोब करून बघा. सेन्सरचं वजन ३० ग्रॅम. १,००० हर्ट्झसाठी लागणारा ताठरपणा येतो मीटरला सुमारे १२ लाख न्यूटन. आता नेहमीचा एल आकाराचा ब्रॅकेट घ्या: २ मिमी पोलादी पत्रा, रुंदी ३० मिमी, बाहेर आलेली लांबी ४० मिमी. एका टोकाला धरलेल्या पट्टीच्या सूत्राने ताठरपणा मीटरला २ लाख न्यूटनच्या आसपास येतो आणि कंपनसंख्या निघते ४०८ हर्ट्झ. म्हणजे बरोब्बर फिल्टरवर आणि बरोब्बर हॉर्नवर. ड्रॉइंगवर हा ब्रॅकेट अगदी निर्दोष दिसतो. ताकद भरपूर, खर्च कमी, प्रेसवर दोन फटक्यांत तयार. गाडीत मात्र कुणी हॉर्न दाबला की सेन्सर थरथरतो.

पत्रा ३ मिमी करा आणि लांबी २५ मिमी. ताठरपणा जवळजवळ चौदा पट होतो आणि कंपनसंख्या १,५०० हर्ट्झपर्यंत जाते. ब्रॅकेटचं स्वतःचं वजन आणि खालच्या पत्र्याची लवचीकता या हिशोबात धरलेली नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा खाली येतो. तरी १,००० च्या वर राहायला वाव उरतो. जाडी वाढवण्याआधी लांबी कमी करा. ताठरपणा लांबीच्या घनाने बदलतो आणि लांबी कमी करायला पैसे लागत नाहीत. कोपऱ्यात एक उठाव मारला तर आणखी फायदा.

अॅल्युमिनियमचा डायकास्ट ब्रॅकेट करत असाल तर बॉसच्या, म्हणजे बोल्टसाठी ठेवलेल्या जाड उंचवट्याच्या, आतली पोकळी हा मुख्य शत्रू. गेट, म्हणजे मोल्डमध्ये धातू शिरण्याची जागा, बॉसपासून लांब पडलं की धातू तिथे शेवटी पोचतो, ब्लो होल राहतात आणि टॅपिंग केल्यावर आटे अर्धे भुसभुशीत निघतात. पहिल्या पन्नास नगांतले पाच बॉसमधून उभे कापून बघा. बसायच्या तोंडाचा सपाटपणा ०.१ मिमीच्या आत हवा. फेटलिंगनंतर राहिलेली एक बारीक बरसुद्धा सेन्सर तिरका करते आणि काही महिन्यांत दबून बोल्ट सैल करते.

बोल्ट आणि बुश

एम-६, ग्रेड ८.८, साधारण ९ न्यूटन-मीटर. यातून सुमारे ७,५०० न्यूटनची पकड मिळते. ५०० जीच्या धडकेत ३० ग्रॅमचा सेन्सर बोल्टवर जेमतेम १५० न्यूटन ओढ आणतो. बोल्ट तुटायची काळजी करू नका, सैल होण्याची करा.

सैल का होतो? प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू वाहतं, गरम जागी अधिकच. म्हणून सेन्सरच्या घराला बोल्टसाठी जो कान असतो त्याच्या भोकात धातूचं बुश हवं, बाहेरून नर्लिंग केलेलं, आणि खालच्या बाजूला प्लॅस्टिकपेक्षा अगदी किंचित, ०.०५ ते ०.१ मिमी बाहेर आलेलं. बोल्टची सगळी पकड बोल्टचं डोकं, बुश आणि पत्रा या धातूच्या साखळीतून गेली पाहिजे. धडकेचा सिग्नलही याच साखळीतून येतो. दुसरं कारण रंग. ब्रॅकेटवर पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर तो पुढच्या काही महिन्यांत दबतो आणि पकड जाते. बसायची जागा मास्क करा. अॅल्युमिनियमवर साधा बोल्ट लावू नका. झिंक-निकेल किंवा झिंक-फ्लेक कोटिंगचा घ्या, नाहीतर कोकणात दोन-चार वर्षं फिरलेल्या गाडीत तो काढताना आटे हातात येतात.

घराच्या कानाला तडा जाण्याचं नेहमीचं कारण वेल्ड लाइन हे असतं. मोल्डमध्ये वितळलेलं प्लॅस्टिक बुशला वळसा घालून पलीकडे भेटतं, तिथे सांधा कच्चा राहतो. गेटची जागा अशी बदला की सांधा कानाच्या टोकाला न येता घराच्या अंगाकडे यावा.

बोर्ड आणि चिप

मेम्सच्या खाली व्हाया, म्हणजे बोर्डचे थर जोडणारं भोक, नको, शेजारी कनेक्टरची पिन नको, बोर्डच्या कडेला चिप नको. बोर्ड वाकला की चिपचं पॅकेज वाकतं आणि शून्य सरकतो. बोर्डला आधार देणारे खांब चिपच्या जवळ ठेवा, पण खांबावर दाबून बसवायची जागा चिपला चिकटून नसावी. सोल्डर एसएसी ३०५, म्हणजे शिसं नसलेलं, असेल तर ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. कमाल तापमान २४० ते २४५ अंश आणि वितळलेला काळ ६० ते ९० सेकंद ठेवा.

पॅनेलमधून बोर्ड हाताने मोडून वेगळे करू नका, राउटरने कापा. मोडताना सिरॅमिक कपॅसिटरला आत केसाएवढा तडा जातो. तो डोळ्याला दिसत नाही, चाचणीत पास होतो आणि पहिल्या पावसाळ्यात ओल शिरली की शॉर्ट होतो. पुरवठ्याच्या वायरींवरचे कपॅसिटर मऊ टोकांचे घ्या.

दोन गोष्टींना सक्त मनाई: बोर्ड अल्ट्रासॉनिक टाकीत धुणं आणि घराचं झाकण अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने बंद करणं. त्या कंपनांनी आतल्या बारीक तारा तुटतात किंवा कंगव्याचे दाते एकमेकांना चिकटून बसतात. झाकण लेसरने जोडा किंवा रेझिन भरूनच बंद करा.

घर आणि रेझिन: पावसाळ्यात इथेच माल बिघडतो

घरासाठी ३० टक्के काचतंतू असलेलं पीबीटी प्लॅस्टिक घ्या, गरम-दमट हवेत न सडणाऱ्या ग्रेडचं. काचतंतूवालं नायलॉन ६६ मजबूत असतं, पण पाणी पितं आणि फुगतं, त्यामुळे बुशची पकड आणि सीलचं माप दोन्ही हलतात. पीबीटीचे दाणे १२० अंशांना चार तास वाळवा आणि ओल ०.०४ टक्क्याच्या खाली आणा. जुलै-ऑगस्टमध्ये पोतं फोडून तसंच हॉपरमध्ये ओतलं तर मोल्डमधून निघालेला नग छान दिसतो आणि आतून ठिसूळ असतो. शंका आली तर कान पकडीने वाकवून बघा. चांगला नग आधी थोडा वाकतो, ओल्या दाण्यांचा लगेच टिचकन तुटतो.

रेझिनच्या बाबतीत दोन टोकं टाळा. कडक इपॉक्सी तापमानाबरोबर बोर्डपेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतं-आटतं, चिपला पिळतं आणि शून्य सरकवतं. अगदी मऊ सिलिकॉन जेलमध्ये बोर्ड तरंगतो आणि त्याची स्वतःची थरथर सिग्नलमध्ये मिसळते. मधल्या कडकपणाचं पॉलियुरेथेन बहुतेक ठिकाणी योग्य ठरतं. पण बोर्ड घरात यांत्रिक रीतीने, खांबांवर पक्का बसलेला हवाच. रेझिनचं काम पाणी अडवणं आणि आधार देणं, बोर्ड धरणं नाही.

पॉलियुरेथेनच्या हार्डनरची हवेतल्या ओलाव्याशी प्रक्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेत ९० टक्के आर्द्रता असताना उघड्या शेडमध्ये भरलेल्या नगांत जिकडेतिकडे बुडबुडे येण्याचं कारण हेच. बरेच लोक व्हॅक्युम पंपाला दोष देतात. भरायची खोली बंद करा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, बोर्ड आणि घर भरण्याआधी ८० अंशांना तासभर वाळवा, हार्डनरच्या ड्रमवर कोरडा नायट्रोजन ठेवा. मग मिश्रण व्हॅक्युममध्ये निर्वात करा आणि दोन टप्प्यांत भरा: आधी बोर्डखाली, थांबून, मग वर. प्रमाण वजनाने मोजा, आकारमानाने नको. रोज सकाळी पहिला नग कापून बघा.

पाणी कुठून शिरतं

पाणी बाहेरून ढकललं जात नाही, सेन्सर स्वतःच ते ओढून घेतो. इंजिनाजवळ ९० अंशांना तापलेल्या सेन्सरवर ओढ्याचं किंवा वॉशिंगचं गार पाणी पडलं आणि आतली हवा २० अंशांवर आली, तर आतला दाब १९ टक्क्यांनी उतरतो. हा फरक जवळजवळ दोन मीटर पाण्याखालच्या दाबाएवढा आहे. १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून पास झालेला सेन्सर या एका झटक्यात पाणी पितो. म्हणून आत मोकळी हवा ठेवूच नका, पूर्ण भरा. हवा ठेवावीच लागली तर पाणी अडवून हवा सोडणारा पडदा लावा.

दुसरी वाट वायरच्या पोटातली. बारीक तारांच्या मधून पाणी केशाकर्षणाने चढतं. दुसऱ्या टोकाचं कनेक्टर उघडं किंवा सील फाटलेलं असेल तर दोन मीटरवरून पाणी सेन्सरमध्ये येतं आणि सगळे सेन्सरलाच नावं ठेवतात. कनेक्टरचं तोंड खाली ठेवा आणि वायरला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जाईल.

प्रत्येक नगाची गळती चाचणी करा: २० ते ३० किलोपास्कल हवा, ठरलेला वेळ थांबून दाब किती उतरला ते बघणं. नग भट्टीतून गरम आला असेल तर मोजू नका. थंड होताना दाब आपोआप उतरतो आणि चांगला माल रिजेक्शनमध्ये जातो.

कनेक्टर आणि सिग्नल

पीएसआय-५ मध्ये सेन्सर स्वतः ओढत असलेल्या करंटमध्ये सुमारे २६ मिलिअँपियरची वाढ-घट करून माहिती पाठवतो. करंट इतका कमी की टर्मिनलवर बसलेला ऑक्साइडचा थर तो फोडू शकत नाही. कथिलाचा मुलामा दिलेली टर्मिनलं गाडीच्या थरथरीत एकमेकांवर घासतात, काळी भुकटी साठते आणि संपर्क मधूनच जातो. इथे सोन्याचा मुलामा असलेली टर्मिनलं वापरा, पैसे वाचवू नका. दोन्ही बाजूंचा मुलामा सारखाच हवा. सोन्यावर कथिल घासलं तर झीज उलट वाढते. कुलूप दुहेरी घ्या, आणि वायर पिळाची जोडी असू द्या.

एअरबॅगचा दिवा पावसात लागतो आणि उन्हात विझतो अशी तक्रार असेल तर दोन पिनांमधली ओल आधी तपासा. गळणारा करंट सेन्सरच्या स्थिर करंटमध्ये मिसळतो आणि ईसीयूला तो बिघाड वाटतो.

दारातला दाबाचा सेन्सर

बाजूच्या धडकेसाठी काही गाड्यांत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतात. दार चेपलं की आतली हवा दबते आणि प्रवेगाच्या सेन्सरआधी खबर मिळते. म्हणजे दाराची पोकळी हाच सेन्सरचा भाग झाला. गॅरेजमध्ये मोठे स्पीकर बसवताना आतलं प्लॅस्टिक फाडलं किंवा पत्रा कापला, तर धडकेची हवा त्या भोकातून निघून जाते. ते प्लॅस्टिक पुन्हा चिकटवा, बदलणं भाग असेल तर मूळ जातीचंच बसवा. पाणी जायची खालची भोकं चिखलाने बुजू देऊ नका. सेन्सरचं छिद्र तिरकं खाली हवं.

चाचण्या: एकाच नगावर, ओळीने

वेगवेगळ्या चाचण्यांना वेगवेगळे ताजे नग दिले की सगळे पास होतात. रस्त्यावर मात्र एकाच सेन्सरला सगळं सोसावं लागतं. म्हणून एकाच गटाला ओळीने न्या. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर शून्य आणि संवेदनशीलता मोजा.

१. सुरुवातीचं माप. सेन्सर उलटा-पालटा करून अधिक १ जी आणि उणे १ जी घ्या. दोन्हींची सरासरी म्हणजे शून्याची चूक. १२० जी पल्ल्यात १ जी म्हणजे चारच आकडे, म्हणून हजार नमुन्यांची सरासरी घ्या. आतली शून्य-दुरुस्ती चालू असेल तर हे माप फसवं येतं, ती आधी बंद करा.

२. तापमानाचे झटके, उणे ४० ते अधिक १०५ किंवा १२५ अंश, दोन्हीकडे अर्धा-अर्धा तास. ५०० फेऱ्यांनंतर एक नग कापून सोल्डर बघा.

३. कंपन. आयएसओ १६७५०-३ मध्ये गाडीच्या बॉडीवरच्या भागांसाठी प्रत्येक अक्षावर ८ तास, २७.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आरएमएस. खरा ब्रॅकेट लावूनच करा, जाड फिक्श्चरला थेट बोल्ट मारून नाही. नंतर बोल्टची पकड मोजा.

४. धक्का, ५०० मीटर प्रति सेकंद वर्ग, ६ मिलिसेकंद, प्रत्येक दिशेला १० वेळा.

५. पाणी. ८० अंशांचं पाणी, ८० ते १०० बार, १०० ते १५० मिमी अंतरावरून, चार कोनांत प्रत्येकी ३० सेकंद. त्यानंतर तापवून थेट गार पाण्यात टाकण्याची फेरी जोडा. वर सांगितलेला दाबाचा फरक यातच पकडला जातो.

६. ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत वीज चालू ठेवून १,००० तास. यानंतर शून्य किती सरकला हा आकडा आमच्या मते सगळ्या अहवालातला सर्वांत बोलका.

वॉरंटीत परत आलेला नग आधी उघडू नका. आधी गळती, मग एक्स-रे, मग करंट, आणि शेवटी कापणं. उघडलेल्या नगातलं पाणी आधीपासूनचं की उघडताना शिरलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

गाडीची धडक चाचणी पुण्यात एआरएआयसारख्या संस्थांत होते. भारतीय मानकांपैकी एआयएस-०९८ ला समोरची ऑफसेट, म्हणजे गाडीच्या पुढच्या एका बाजूवर बसणारी, धडक ताशी ५६ किमी, एआयएस-०९९ ला बाजूची ५० किमी. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनसीएपीत, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, समोरची ६४ किमीला. याशिवाय उगाच न उघडण्याच्या चाचण्या असतात: खड्डा, गतिरोधक, दगडावरून खालून आपटणं, दार जोरात लावणं, हातोडी. चुकून एअरबॅग उघडणं हा आयएसओ २६२६२ या गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेच्या मानकामध्ये सर्वांत वरच्या, डी श्रेणीचा धोका धरतात. त्यामुळे निर्णय कधीही एका सेन्सरवर सोडत नाहीत. दुसऱ्या स्वतंत्र सेन्सरची साक्ष लागते.

शेडमधली रोजची शिस्त

टेबलावरून फरशीवर पडलेला सेन्सर. १ मीटरवरून पडला तर वेग सेकंदाला ४.४ मीटर होतो, आणि तो ०.२ मिलिसेकंदात थांबला तर सरासरी २,२०० जीहून जास्त. बाहेर ओरखडाही दिसत नाही, चाचणीतही तो कदाचित पास होईल. तरी तो लाल पेटीत टाकायचा, उचलून पुन्हा ओळीत ठेवायचा नाही. जमिनीवर रबरी चटया टाका आणि पडला म्हणून सांगणाऱ्या कामगाराला कधीही रागावू नका, नाहीतर पुढचा पडलेला नग गाडीतच जाईल. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, प्रत्येक नगाला क्रमांक, त्या क्रमांकासमोर टॉर्क, गळती आणि रेझिनचा बॅच.

आणि पूर आलेल्या गाड्यांबद्दल. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. अशा पाण्यात गाडी दोन दिवस राहिली, तर बुडवण्याच्या चाचणीतला १ मीटर आणि ३० मिनिटं हा आकडा निरुपयोगी ठरतो. पाणी बोगद्यापर्यंत चढलं असेल तर बॅटरीचं टर्मिनल काढून वर्कशॉपच्या माहितीपत्रकात दिलेला वेळ थांबा. मग ईसीयू आणि भिजलेले सेन्सर बदला, वाळवून परत लावू नका. गाळ कनेक्टरमध्ये बसलेला असतो, म्हणून त्या शाखेच्या हार्नेसची टर्मिनलंही बदला. ती नुसती पुसून चालत नाहीत.